दारापाशी तिघं, पियानोपाशी एक

२३ मे १९२१ ची रात्र. न्यूयॉर्कच्या ६३ व्या रस्त्यावरच्या एका आडबाजूच्या नाट्यगृहात ‘शफल अलाँग’ या नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग चालू होता. नायक-नायिकेचं प्रेमगीत जवळ आलं, तसे नाटकाच्या चार कर्त्यांपैकी तिघं गुपचूप मागच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. गीतकार नोबल सिसल, आणि संहिता लिहिणारे फ्लोर्नॉय मिलर व ऑब्री लाइल्स. प्रेक्षागृहातून सडकी अंडी आणि टोमॅटो यायला लागले की थेट रस्त्यावर पळायचं, असा बेत होता. चौथ्याला ती सोय नव्हती. संगीतकार यूबी ब्लेक खाली, प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात, पियानोवर बसून वाद्यवृंद चालवत होता. पहिला मारा त्याच्याच टकलावर होणार, हे उरलेल्या तिघांना ठाऊक होतं. सिसल हा किस्सा पुढे आयुष्यभर रंगवून सांगत असे.

अंडी आली नाहीत. टाळ्या आल्या, पाय आपटले गेले, ‘पुन्हा एकदा’ची मागणी झाली. ‘लव्ह विल फाइंड अ वे’ हे ते गाणं. शब्दांत किंवा चालीत कुणाला भडकवण्यासारखं काहीच नव्हतं. त्या काळातल्या कुठल्याही संगीतिकेत शोभेल अशी ती सरळ, गोड चाल. मग तीन कर्ती माणसं पळायच्या तयारीत का उभी होती?

कारण गाणारे दोघे, लॉटी गी आणि रॉजर मॅथ्यूज, कृष्णवर्णीय होते आणि ते गंभीरपणे प्रेम करत होते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सगळ्यात चाललेला करमणुकीचा प्रकार म्हणजे मिन्स्ट्रेल. गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे आणि काळ्या माणसाची नक्कल करायचे: आळशी, भित्रा, कोंबड्या चोरणारा, मोठे शब्द चुकवणारा. या नकलेची लोकांना इतकी सवय झाली होती की खरेखुरे कृष्णवर्णीय नट रंगमंचावर आले, तेव्हा त्यांनाही पोट भरण्यासाठी तीच काजळी फासावी लागली. या साच्यात काळ्या माणसाच्या प्रेमाला जागा होती ती फक्त हशा पिकवण्यापुरती. गोऱ्या प्रेक्षकांसमोर काळ्या जोडप्याने मनापासून प्रेमाचं गाणं म्हणणं हा अलिखित नियमाचा भंग होता.

तो नियम वाकवायचे प्रयत्न आधीच्या पिढीने केले होते. बॉब कोल आणि जॉन्सन बंधू यांच्या त्रयीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोकप्रिय गीतांमधली हिणकस भाषा बाजूला सारली. बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर यांनी १९०३ साली ‘इन डहोमी’ हे नाटक थेट ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मुख्य नाट्यगृहांच्या भागात, नेलं. पण १९११ पर्यंत कोल आणि वॉकर दोघेही गेले, आणि विल्यम्स निर्माता झीगफेल्डच्या ‘फॉलीज’ या गोऱ्या मंडळींच्या खेळात एकटाच दाखल झाला. कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं, बसवलेलं आणि गायलेलं नाटक ब्रॉडवेवरून जवळजवळ दहा वर्षं दिसेनासं झालं. सिसल-ब्लेक यांच्यापुढे दार होतं, पण ते आतून बंद झालेलं.

दोघांची घडण अगदी वेगळी. ब्लेक बाल्टिमोरचा. त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, आणि त्यांच्या अनेक मुलांमधलं जगलेलं हे एकच. लहानपणी तो आईचा हात सोडून एका वाद्यांच्या दुकानात शिरला आणि तिथल्या ऑर्गनवर बोटं चालवू लागला. दुकानदाराने आईला गळ घातली आणि ७५ डॉलरचा ऑर्गन आठवड्याला पाव डॉलरच्या हप्त्याने घरी आला. आई कट्टर धार्मिक. रॅगटाइम म्हणजे सैतानाचं संगीत, ते माझ्या घरात नको, असं तिने बजावलं होतं. पोराने काय करावं? किशोरवयात तो रात्री घरातून सटकायचा, ओळखीच्या ठिकाणाहून भाड्याने लांब विजार घ्यायचा आणि अ‍ॅगी शेल्टनच्या कोठीवर जाऊन पियानो वाजवायचा. शेजारणीने कोठीबाहेरून जाताना त्याची वाजवायची ढब ओळखली आणि आईला येऊन सांगितलं. वडिलांनी जाब विचारला, तेव्हा मुलाने अंथरलेल्या मेणकापडाखाली दडवलेली कमाई दाखवली. ती पाहून वडिलांचा राग बराच उतरला.

सिसल इंडियानापोलिसचा. वडील धर्मोपदेशक, आई शिक्षिका. तो गोऱ्या मुलांबरोबर शाळा-कॉलेजात शिकलेला, चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेला, बोलण्या-वागण्यात चोख. १९१५ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या एका बँडमध्ये दोघांची गाठ पडली. सिसल गायक म्हणून आला होता. ब्लेक चाली बांधतो आणि याला शब्द सुचतात, एवढं कळायला वेळ लागला नाही. काही दिवसांतच ‘इट्स ऑल युअर फॉल्ट’ हे त्यांचं पहिलं गाणं तयार झालं, आणि गावात आलेल्या सोफी टकर या गाजलेल्या गोऱ्या गायिकेकडे ते दोघं ते घेऊन गेले. तिने ऐकलं, पसंत केलं आणि रंगमंचावर गायलं. जोडी जमली ती अशी, पहिल्याच डावात खपलेल्या मालाच्या जोरावर.

लवकरच त्यांना एक तिसरा माणूस भेटला आणि त्याने त्यांची दिशा ठरवली. जेम्स रीझ युरोप. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वादकांची ‘क्लेफ क्लब’ ही संघटना त्याने उभी केली होती आणि १९१२ साली तिचा वाद्यवृंद थेट कार्नेगी हॉलमध्ये वाजवला होता. श्रीमंतांच्या मेजवान्यांना वादक पुरवणं हा त्याचा धंदा, पण माणूस शिस्तीचा. वेळेवर या, पोशाख नीट ठेवा, मोबदला ठरवून घ्या. सिसल आणि ब्लेक या तालमीत तयार झाले. कृष्णवर्णीयांचं नाटक ब्रॉडवेवर परत न्यायचं हे स्वप्नही मुळात युरोपचंच.

पहिल्या महायुद्धात युरोप सैन्यात गेला, सिसलही त्याच्यामागे गेला. ३६९ व्या पायदळ पलटणीचा बँड त्यांनी फ्रान्सभर गाजवला. ब्लेक न्यूयॉर्कमध्ये राहून धंदा सांभाळत होता, आणि सिसल तिकडून गाण्यांचे शब्द पाठवत होता. फेब्रुवारी १९१९ मध्ये पलटण परतली, तेव्हा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तिच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली. मे महिन्यात बॉस्टनच्या एका कार्यक्रमात मध्यंतराच्या वेळी बँडच्याच एका ढोलवादकाने रागाच्या भरात चाकू चालवला. जखम किरकोळ वाटली होती. त्याच रात्री युरोप गेला. सिसल आणि ब्लेक यांच्या हाती स्वप्न राहिलं, ते पाहणारा माणूस राहिला नाही.

पोटापाण्यासाठी दोघे व्हॉडव्हिलमध्ये उतरले. कसरतवाले, विनोदवीर, जादूगार, गायक यांचे तुकडे एकामागून एक दाखवणाऱ्या खेळांचा हा धंदा. दोन काळे कलाकार म्हटल्यावर मालकांची अपेक्षा ठरलेली: तोंडाला काजळी, अंगावर फाटके कपडे. एक सूचना अशीही होती की रंगमंचावर पियानो एका खोक्यात ठेवावा, आणि या दोघांनी तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा बावचळून त्याच्याभोवती फिरावं. दोघांनी साफ नकार दिला. टक्सिडो घालून, ताठ मानेने ते रंगमंचावर येत, ब्लेक सरळ पियानोवर बसत आणि सिसल गायला लागे. ली डी फॉरेस्ट या संशोधकाने १९२३ साली आपल्या बोलपटाच्या प्रयोगात त्यांना टिपलं. अल जॉल्सनचा ‘द जॅझ सिंगर’ यायला अजून चार वर्षं होती, आणि बोलपटाचा जन्म म्हणून गाजलेल्या त्या चित्रपटात गोरा जॉल्सन काजळी फासून गाणार होता. त्याआधीच्या या छोट्या फितीत दोन कृष्णवर्णीय गृहस्थ, तोंडाला काहीही न लावता, आपली गाणी आपल्या ढंगात गाताना दिसतात.

१९२० साली फिलाडेल्फियात एका मदतीच्या कार्यक्रमात त्यांची गाठ मिलर आणि लाइल्स यांच्याशी पडली. हे दोघे फिस्क विद्यापीठात शिकलेले, पण रंगमंचावर मात्र काजळी फासून विनोदी जोडी करणारे. एकाने वाक्य अर्धवट सोडायचं, दुसऱ्याला ते पूर्ण न होताच कळायचं आणि त्यानेही अर्धवटच उत्तर द्यायचं, ही त्यांची हुकमी करामत. त्यांच्याकडे जिमटाउन नावाच्या काल्पनिक गावातल्या महापौरपदाच्या निवडणुकीचा एक जुना प्रवेश होता. किराणा दुकानातले दोन भागीदार एकमेकांविरुद्ध उभे राहतात, दोघेही गल्ल्यातून चोरून प्रचाराचा खर्च करतात, आणि शेवटी हॅरी नावाचा सरळमार्गी उमेदवार बाजी मारतो. यावर नाटक उभं करायचं ठरलं. विनोद त्यांचा, गाणी यांची.

पैसा कुणाकडेच नव्हता. निर्माता जॉन कॉर्टही कर्जात बुडालेला. त्याने पडलेल्या नाटकांचे जुने कपडे आणून दिले, काही तर आधीच्या नटांच्या घामाने डागाळलेले. यातल्या काही पोशाखांना नाटकात जागा कशी द्यायची, असा प्रश्न आला तेव्हा सिसल-ब्लेक यांनी उलटा मार्ग काढला. आधी कपडे, मग गाणं. पौर्वात्य धाटणीचे झगे आले म्हणून ‘ओरिएंटल ब्लूज’ लिहिलं गेलं. शेतमजुरांचे कपडे होते म्हणून ‘बँडाना डेज’. न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावांतून खेळ करत मंडळी फिरत राहिली. काही मुक्कामांवर पुढच्या गाडीच्या तिकिटाचीही पंचाईत असे. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत कर्ज १८ हजार डॉलरच्या घरात गेलं होतं. मिळालेली जागाही ब्रॉडवेच्या मुख्य नाट्यगृहांपासून बरीच वर, मुळात व्याख्यानांसाठी बांधलेली. वादकांना बसायला पुढच्या खुर्च्या काढाव्या लागल्या.

‘आय अ‍ॅम जस्ट वाइल्ड अबाउट हॅरी’ हे या नाटकातलं सर्वांत गाजलेलं गाणं ब्लेकने मुळात वॉल्ट्झमध्ये बांधलं होतं. व्हिएन्नाच्या वळणाच्या संगीतिका त्याला मनापासून आवडत. लॉटी गीने हरकत घेतली: आमच्या नाटकात वॉल्ट्झ कोण ऐकून घेणार? ब्लेकच्या जिवावर आलं, पण त्याने तीन मात्रांची चाल दोन मात्रांच्या दौडत्या लयीत आणली. तरीही सुरुवातीला गाणं पडत होतं आणि ते काढून टाकायचं जवळजवळ ठरलं. मग एका प्रयोगात एका आजारी नर्तकाच्या जागी दुसरा उभा राहिला. त्याला पावलं जमेनात, म्हणून तो रांगेच्या टोकाला जाऊन मनाला येईल तसं नाचू लागला. लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. गाणं राहिलं.

लयीचा हा बदल किरकोळ नव्हता. ब्रॉडवेच्या गाण्यांवर तोवर युरोपीय संगीतिकांची छाप होती. ‘शफल अलाँग’ने तिथे ठेक्याबाहेर पडणारा, पायाला स्वस्थ बसू न देणारा ताल आणला. नर्तिका नुसत्या शोभेला उभ्या राहत नव्हत्या, त्या सणकून नाचत होत्या. त्यानंतरच्या काही वर्षांत गोऱ्या निर्मात्यांनी आपल्या नर्तिकांना हे नृत्य शिकवायला कृष्णवर्णीय शिक्षक नेमले.

नाटकाचे जवळपास ५०० प्रयोग झाले. गर्दी इतकी की ६३ व्या रस्त्यावर वाहतूक एकेरी करावी लागली. इतर नाटकांतल्या नटनट्यांना पाहता यावं म्हणून बुधवारी मध्यरात्रीचे खेळ लागले. फ्लॉरेन्स मिल्स इथेच एका रात्रीत तारका झाली. पॉल रोब्सनने काही काळ इथल्या गायकांच्या चौकडीत जागा भरली. किशोरवयीन जोसेफिन बेकरला आधी परत पाठवलं गेलं, पण दौऱ्यावरच्या संचात ती शिरलीच, आणि रांगेच्या टोकाला उभी राहून वेडेवाकडे डोळे करत लोकांचं लक्ष खेचू लागली. वाद्यवृंदात ओबो वाजवणारा विल्यम ग्रँट स्टिल पुढे मोठा सिंफनीकार झाला. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेण्याचं खरं कारण हे नाटक पाहायला मिळावं हे होतं. हार्लेममधल्या कलाजागृतीची सुरुवातही त्यांनी इथूनच धरली.

प्रेक्षागृहातही काही हललं. तोवर काळ्या प्रेक्षकांना सगळ्यात वरच्या सज्जात बसवायची पद्धत होती. इथे ते खाली, मुख्य भागात बसलेले दिसले, आणि वर्तमानपत्रांना याची दखल घ्यावीशी वाटली.

आणि तरीही याच नाटकात मिलर आणि लाइल्स काजळी फासूनच येत. संवादांतली भाषाही जुनीच, मोडकीतोडकी. ब्लेकच्या वादकांना अख्ख्या खेळाचं संगीत पाठ करावं लागे. कागद वाचून वाजवणारे काळे वादक गोऱ्या प्रेक्षकांना पटत नसत. ही माणसं जन्मजात, उपजत वाजवतात अशी त्यांची समजूत, आणि ती समजूतच तिकिटं खपवत होती. म्हणजे ज्यांना स्वरलिपी उत्तम येत होती त्यांनी ती लपवायची, आणि न बघता वाजवण्याचे जास्तीचे कष्ट पदरात घ्यायचे. ब्लेक हे सांगताना हसत असे, पण बोच लपत नसे.

या जोडीचा वारसा जोखायचा तर हा सौदा डोळ्याआड करून चालत नाही. टक्सिडोचा हट्ट, प्रेमगीताचा हट्ट, खालच्या खुर्च्या हे एका पारड्यात. काजळी, मोडकी भाषा, लपवलेला कागद दुसऱ्यात. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही याचा त्यांनी हिशेब केला होता. विनोद जुन्या साच्यात राहू दिला, कारण प्रेक्षक त्यासाठी तिकीट काढत होता. गाण्यात मात्र माघार घेतली नाही. पुढे काय टिकलं आणि काय बुडालं, ते याच वाटणीने ठरलं.

यशाने चौघांना मात्र एकत्र ठेवलं नाही. गाण्यांच्या छापील प्रती आणि ध्वनिमुद्रिका खपत, त्याचं मानधन सिसल-ब्लेकला मिळे. संहिता लिहिणाऱ्यांना तसं उत्पन्न नव्हतं. मिलर-लाइल्स वेगळे झाले आणि १९२३ साली त्यांनी ‘रनिन वाइल्ड’ आणलं, ज्यातल्या चार्ल्सटन नाचाने जग वेडं केलं. सिसल-ब्लेक यांनी १९२४ मध्ये ‘चॉकलेट डँडीज’ काढलं. यात विनोद कमी, चाली अधिक तलम. ब्लेकला आपलं हे काम सर्वांत आवडतं होतं. रंगमंचावर खऱ्या घोड्यांची शर्यत होती, खर्च अवाढव्य होता. ९६ प्रयोगांनंतर नाटक तोट्यात बंद पडलं. काही टीकाकारांची तक्रार अशी की हे फारच गोऱ्यांच्या नाटकासारखं झालंय.

१९२५-२६ मध्ये दोघे युरोपात गाजले. सिसलला तिथेच राहायचं होतं, ब्लेकला घरी यायचं होतं. १९२७ च्या सुमारास वाटा वेगळ्या झाल्या. सिसल बँड चालवू लागला. १९३७ साली कृष्णवर्णीय नटांच्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला. ब्लेकने गीतकार अँडी रझाफबरोबर १९३० साली ‘मेमरीज ऑफ यू’ हे गाणं केलं, आणि जॅझ वादकांच्या पिढ्यांनी ते डोक्यावर घेतलं.

जेम्स रीझ युरोपच्या शिस्तीत वाढलेल्या वादकांमधला एक धागा तर मुंबईपर्यंत येतो. त्याच्या १९१३-१४ च्या वाद्यवृंदातला ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात बँड चालवत होता. अशा अमेरिकी वादकांच्या सहवासात गोव्याचे तरुण वादक जॅझ शिकले, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद सजवले.

‘शफल अलाँग’ पुन्हा उभं करायचे प्रयत्न १९३३ आणि १९५२ साली झाले. दोन्ही फसले, दुसऱ्याचे तर चारच प्रयोग झाले. संहिता आता कुणाला हसवत नव्हती, उलट लाज वाटायला लावत होती. हॅरीचं गाणं मात्र सुटं होऊन कुठल्या कुठे गेलं. १९३९ च्या ‘बेब्ज इन आर्म्स’ चित्रपटात ते ज्यूडी गार्लंडने गायलं, तेही मिन्स्ट्रेल धाटणीच्या प्रवेशात, काजळी फासलेल्या गोऱ्या पोरांच्या मेळ्यात. ज्या साच्यातून सुटण्यासाठी ही जोडी झगडली, त्याच साच्यात त्यांचं गाणं नेऊन बसवलं गेलं. १९४८ साली तेच हॅरी ट्रुमन यांचं प्रचारगीत झालं. गुलामांच्या मुलाने बांधलेल्या चालीवर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली गेली.

ब्लेकला दीर्घायुष्य लाभलं आणि त्यामुळे दुसरी खेळीही. साठीत तो न्यूयॉर्क विद्यापीठात जाऊन संगीतरचनेची शास्त्रीय पद्धत शिकला. १९६९ साली कोलंबिया कंपनीने त्याच्या वादनाचा जोडसंच काढला, रॅगटाइमची लाट परतली, आणि म्हाताऱ्याला जगभरातून बोलावणी येऊ लागली. सिसल १९७५ मध्ये गेला. त्यानंतर तीन वर्षांनी ‘यूबी!’ हे केवळ ब्लेकच्या गाण्यांवर रचलेलं नाटक ब्रॉडवेवर आलं आणि ४३९ प्रयोग चाललं. यातलं बरंच काव्य सिसलचंच, पण नाव एकट्या ब्लेकचं. भागीदारीच्या इतिहासात शेवटपर्यंत जगणाऱ्याला हा फायदा मिळतोच. शंभरावा वाढदिवस साजरा करून पाच दिवसांनी, १२ फेब्रुवारी १९८३ रोजी, ब्लेकही गेला. नंतर कागदपत्रांतून निघालं की त्याचा जन्म १८८७ चा होता, म्हणजे वय ९६.

२०१६ साली दिग्दर्शक जॉर्ज वुल्फने ‘शफल अलाँग’ परत ब्रॉडवेवर आणलं, तेव्हा जुनी संहिता बाजूला ठेवली. त्याच्या नाटकात ते नाटक कसं उभं राहिलं आणि कसं विसरलं गेलं याची गोष्ट होती. गाणी मूळची, लॉटी गीच्या भूमिकेत ऑड्रा मॅकडोनल्ड. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांच्या वेळी वाद निघाला: हे जुन्याचं पुनरुज्जीवन की नवं नाटक? निर्मात्यांना पुनरुज्जीवनाच्या गटात जायचं होतं, कारण नव्या नाटकांच्या गटात त्या वर्षी ‘हॅमिल्टन’ हे तुफान गाजलेलं नाटक होतं. समितीने ते नवं ठरवलं. दहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही.

समितीचा निवाडा निर्मात्यांना महागात पडला, पण तो बरोबर होता. १९२१ मध्ये काजळी आणि मोडकी भाषा देऊन सिसल-ब्लेक यांनी गाण्यासाठी जागा विकत घेतली होती. पंचाण्णव वर्षांनी त्या किमतीतला एक शब्दही रंगमंचावर आणण्याजोगा राहिला नव्हता. तिच्या बदल्यात घेतलेली गाणी मात्र, ते भीत भीत गायलेलं प्रेमगीत धरून, तेव्हाही चालली.